साहेबांचं ऊन

ओल्या वाळ्याचा वास ज्याला नुसता सुगंध वाटतो, त्याने चंद्रपूरचा मे महिना पाहिलेला नसतो. बाहेर डांबर मऊ पडलेलं, कडुनिंबाच्या सावलीतही पाखरांच्या चोची उघड्या, आकाशाचा रंग पार उडून गेलेला, आणि आपण दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलरच्या ताटीतून झिरपणाऱ्या त्या गार, मातकट, मुळांच्या वासाला धरून दुपार काढायची. त्या दुपारी मी पुण्याहून आले, घरात पाऊल टाकलं, आणि अंधाराला डोळे सरावण्याआधी तो वासच मला भेटायला पुढे आला. बाबा खाटेवर बसले होते. कूलरची घरघर चालू होती आणि तिच्या आत आणखी एक बारीक आवाज होता, शिट्टी वाजावी तसा, थांबून थांबून येणारा. आधी वाटलं, टाकीतलं पाणी संपत आलं असेल. मग वाटलं, हा बाबांच्या छातीतून तर येत नाही ना. बाबांनी बोटाने खाली दाखवलं. कूलरच्या अगदी समोर, ओलसर फरशीवर, साहेब मान लांब करून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते.

साहेब म्हणजे आमचं कासव. मी लग्न होऊन पुण्याला गेले त्याच्या पुढच्या वर्षी बाबा राजुऱ्याहून मोटरसायकलने परत येत असताना कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यात ते त्यांना दिसलं. त्याला दोन चाकांच्या मध्ये घेऊन एक अख्खा ट्रक वरून निघून गेला आणि ते तसंच, पाय आत ओढून, जागच्या जागी शाबूत राहिलं होतं. बाबांनी ते हेल्मेटमध्ये घालून घरी आणलं. आईने त्यांना वांगी आणायला सांगितली होती. हेल्मेटात डोकावून ती म्हणाली होती म्हणे, "हे कोणत्या जातीचं वांगं होय?" पण त्या काळ्या पाठीवरच्या पिवळ्या चांदण्या तिला आवडल्या असाव्यात, कारण नाव तिनेच ठेवलं. सावकाश मान बाहेर काढायची, सगळीकडे एकवार पाहायचं, आणि काहीएक न करता मान आत घ्यायची, ही रीत बाबांच्या वीजकेंद्रातल्या कुणा वरिष्ठांची होती. मग साहेब आले, साहेब जेवले, साहेब पलंगाखाली गेले, असं आदरार्थी बोलणं थट्टेत सुरू झालं आणि पुढे अंगवळणी पडलं. ही जात इकडची नव्हे, आणखी दक्षिणेकडची. कुणीतरी हौसेने आणून मग नकोशी झाल्यावर सोडून दिलेली असणार. आणि असं रानचं कासव घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे सगळं आम्हाला कळलं ते मात्र याच उन्हाळ्यात.

मी कामं उरकणारी बाई आहे. दिवाळीनंतर आई गेली. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, मग नव्हती, आणि मी पुण्यातून रोज फोन करून बाबांचं जेवण, औषधं, झोप, सगळ्याची चौकशी करत हिवाळा काढला. उन्हाळा लागला तेव्हा ठरवून टाकलं. बाबा वीजकेंद्रातून निवृत्त होऊन ऊर्जानगरचं क्वार्टर सोडल्यावर बांधलेलं हे छोटं घर कुणाला तरी भाड्याने द्यायचं, आणि बाबांना पुण्याला न्यायचं. आमच्या फ्लॅटमधली उत्तरेची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली, नवा पलंग घेतला, एसी बसवून घेतला, खिडकीला जाड पडदे लावले. ज्या माणसाने उभी हयात बॉयलरच्या धगीत काढली, त्याचं म्हातारपण तरी थंड जावं, असा माझा सरळ हिशेब होता. बाबांनी फोनवर विरोध केला नाही. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले. त्यांना न्यायलाच मी आले होते, आणि साहेबांचं काय करायचं हा प्रश्न मी माझ्या मनात सर्वांत शेवटी ठेवला होता.

तो पहिला येऊन बसला. साहेबांच्या नाकपुडीशी फुगा येत होता आणि फुटत होता. डोळे मिटलेले, पापण्या सुजलेल्या. समोर काकडीची फोड आणि बाबांच्या ताटातला मूठभर भात सुकून पडला होता. किती दिवसांपासून असं आहे, विचारलं तर बाबा म्हणाले, "झोपून राह्यले वाटलं मले." उन्हं थोडी कलल्यावर आम्ही रिक्षा केली. बाबांनी स्वतःचा दुपट्टा पाण्यात भिजवून, पिळून, त्यात साहेबांना गुंडाळलं, आणि वाटेत लू लागू नये म्हणून टोपली छातीशी धरून त्यांच्यावर ओणवे होऊन बसले.

दवाखान्यात बहुतेक कुत्री, शेळ्या आणि त्यांचे मालक. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आधी तो ओला दुपट्टा काढला, साहेबांना कोरड्या टॉवेलवर ठेवलं, कुणाला तरी फोन करून बराच वेळ विचारलं, आणि मग बाबांना विचारलं की याला घरात कुठे ठेवता. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा थोडी उमेद आली.

"कूलरपुढं ठेवतो, मॅडम. पुरा दिवस. लय आवडते त्याले. हालतच नाई तिथून."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "काका, आवडत होतं म्हणून नाही बसला तो. गारठ्यानं त्याला हलताच येत नसेल."

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती त्याला उन्हातून घ्यावी लागते, आपल्याला जे ऊन मारतं त्यावरच ते चालतं, खातं, पचवतं, श्वास घेतं. दिवसभराच्या ओल्या गार वाऱ्याने याची फुप्फुसं धरली आहेत, असं तिने समजावून सांगितलं. पुढच्या पायात इंजेक्शन दिलं. हेही सांगितलं, की वनखात्याला कळवावं लागेल. आत्ता हलवण्यात अर्थ नाही, तेव्हा बरं होईपर्यंत तुमच्याच घरी राहू द्यावं असं मी त्यांच्याशी बोलते, पण बरं झालं की ते न्यायला येतील. बाबा मान हलवत होते. त्यातलं किती त्यांच्या कानात शिरत होतं कोण जाणे, कारण तो ओला दुपट्टा ते घडी घालायचे, पुन्हा उलगडायचे आणि पुन्हा घडी घालायचे.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर कूलरचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत मे महिन्यात त्या घरात अशी शांतता मी ऐकली नव्हती. वाळ्याचा वास थोडा वेळ रेंगाळला, मग सुकला, आणि भिंतींची ऊब खोलीत उतरू लागली. मी म्हटलं, बाबा, साहेबांना मागच्या खोलीत ठेवू, तिथे पश्चिमेचं ऊन येतं, तुम्ही इथे कूलरपुढे बसा. बाबांनी मागची खोली झाडली, कोरडं पोतं अंथरलं, साहेबांना ठेवलं, आणि स्वतःसाठी लाकडी स्टूल ओढून तिथेच बसले. वर पत्रे, समोर तापलेली खिडकी. मी रागावले, विनवलं, आईची शपथ घातली. "जिंदगी गेली माही आगीपाशी," ते म्हणाले, "हे काऊन जड जाईन मले?" जड जाण्याचं कारण त्यांचं वय होतं, ते मी बोलले नाही. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला होता. आमच्याकडे या दिवसांत धडधाकट माणसंही दुपारी रस्त्यात कोसळतात. आई असती तर तिने ऊन लागू नये म्हणून त्यांच्या खिशात कांदा कोंबून त्यांना दटावून समोरच्या खोलीत आणून बसवलं असतं. मी कांदा आणला. त्यांनी तो निमूटपणे सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उठले मात्र नाहीत.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. त्यांचा फक्त रंग आठवतो, तांबूस पिवळा, डोळ्यांच्या आत शिरणारा. सकाळी उन्हं कोवळी असताना साहेबांना अंगणात न्यायचं, अर्धं ऊन अर्धी सावली मिळेल असं बसवायचं. शेजारून मागून आणलेल्या परातीत कोमट पाणी घेऊन त्यात त्यांचे पाय बुडतील इतपत उभं करायचं. सुजल्या पापण्या कापसाने पुसायच्या. एक दिवसाआड दवाखाना. त्यांची कातडी सैल झाली होती, म्हाताऱ्या कोपरासारखी, आणि इंजेक्शनची सुई टोचली की पाय आत ओढून घेण्याचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मला या सगळ्याची आधी किळस आली, मग कंटाळा आला, मग खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. मी ऑफिसातून मागून घेतलेली सुट्टी संपत होती, घरातलं सामान बांधायचं तसंच पडलं होतं, आणि ज्या माणसाला मी या उन्हातून सोडवायला आले होते, तो एका कासवापायी भट्टीत बसून घामाने निथळत होता. दर तासाला मी पन्हं नाहीतर मठ्ठा घेऊन त्या खोलीच्या दारात जायची, आणि आत पाहण्याआधी कान द्यायची. दोन श्वास ऐकू येत होते. शिट्टीचा साहेबांचा, आणि जड, दमलेला बाबांचा. मला कोणत्या श्वासाची काळजी होती हे उघड होतं, पण साहेबांचा थांबला तर बाबांच्या श्वासाचं काय होईल, हेही मला त्या दारातच कळत गेलं.

एका दुपारी शिट्टी थांबली. मी आत गेले तर बाबा जमिनीवर बसले होते आणि त्यांनी साहेबांच्या पाठीला कान लावला होता. साहेबांची मान बाहेर लोंबत होती, पोत्यावर टेकलेली. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पाठीवरच्या चांदण्यांवर पडलं होतं आणि त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मला त्याचीच भीती वाटली. बराच वेळ बाबा तसेच राहिले. मग म्हणाले, "आहे. बारीक आहे, पण आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले. ते माझ्याकडे न पाहता बोलू लागले, आणि आई गेल्यापासून मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"मीच केलं हे त्याले. तुही आई त्याले घरात ठेऊच देत नोती. घाण करते म्हणे. सकाळ झाली का उचलून अंगणात. मी भांडो तिच्याशी, का एवढ्या उन्हात काऊन टाकतं त्या जिवाले. ती नाई ऐके. आवंदा कोणी टाकणारंच नोतं. म्हटलं, चला साहेब, आता आपण दोघं गारव्यात बसू."

मी म्हटलं, वय झालं असेल हो त्यांचं. कासवाच्या वयाबद्दल असं बोलणं किती खोटं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण माझ्या मनात तेव्हा आई उभी होती, हातात खराटा घेतलेली, पदर खोचलेली, साहेबांना दोन्ही हातांनी धरून तोंड वाकडं करून अंगणात नेणारी. तिला कासवाच्या रक्ताबद्दल काहीएक ठाऊक नव्हतं. तिला फक्त फरशी स्वच्छ हवी होती. तिच्या त्या कटकटीवर साहेब इतकी वर्षं टुणटुणीत जगले, आणि बाबांनी जीव लावला त्या पहिल्याच उन्हाळ्यात मरायला टेकले. असंच तिने रोज संध्याकाळी बाबांनाही घराबाहेर काढलेलं मला आठवलं. काय बायकांसारखं घरात बसून राह्यले, जा चौकात, चहा पिऊन या, मले झाडू द्या. ते कुरकुरत जायचे आणि दोन तासांनी चार माणसांच्या गोष्टी घेऊन परत यायचे. या वेळी मी आल्यापासून ते एकदाही चौकात गेले नव्हते, आणि मला ते बरंच वाटलं होतं, घरात निवांत बसतात म्हणून.

साहेबांनी शेवटी पहिल्यांदा खाल्लं ते जास्वंदीचं फूल. आमची जास्वंद आईमागे पाण्यावाचून वाळून गेली होती. शेजारच्या नसीमभाभी बाबांची विचारपूस करायला आल्या, मागच्या खोलीत डोकावल्या, आणि ओढणीच्या टोकात चार फुलं घेऊन परत आल्या. "वहिनीनंच फांदी देल्ली होती मले," त्या म्हणाल्या, "तिच्या घरचीच समजा." बाबांनी एक फूल साहेबांच्या तोंडापुढे धरलं. काही झालं नाही. त्यांनी हात खाली घेतला नाही, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण ती आशा पाहत बसणं मला जमेना. थोड्या वेळाने आतून बाबांनी मला हाक मारली. साहेबांचा एक डोळा उघडा होता. तोंडाच्या कडेला लाल पाकळीचा तुकडा लोंबत होता आणि ते अतिशय गंभीरपणे, साहेबी थाटात, तो चावत होते. मला रडू आलं. इतका वेळ ज्याचा राग केला त्याच्यासाठी रडू येण्याचं नवल वाटलं, पण आलं.

त्यानंतर सुधारणा आली ती आवाजातून. शिट्टी विरळ झाली, मग गेली, आणि एका सकाळी फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला. साहेब स्वतःहून मागच्या खोलीतून निघून, पलंगाला वळसा घालून, उंबऱ्याशी जाऊन थांबले होते, जिकडून अंगणातलं ऊन आत येत होतं तिकडे तोंड करून. उंबरा त्यांना ओलांडता येत नव्हता. बाबांनी त्यांना उचलून बाहेर ठेवलं, आणि ते ज्या चालीने अंगणाच्या मधोमध निघाले ती पाहून कासव सावकाश चालतं असं कुणी म्हटलं नसतं. बाबा दारातच उभे राहिले. "आपण त्याले कधी पुसलंच नाई, कुठं बसाचं तुले म्हणून," ते म्हणाले.

डॉक्टरने शेवटचं तपासलं आणि फोन केला. वनखात्याची दोन माणसं जीप घेऊन आली, सभ्यपणे बोलली. थोडे दिवस आपल्या उपचार केंद्रात ठेवून, मग दक्षिणेकडे, जिकडचं आहे त्या रानात सोडायची व्यवस्था करू, असं म्हणाली. मला वाटलं होतं, बाबा ऐनवेळी काहीतरी म्हणतील. त्यांनी पोत्याची घडी केली, खोक्यात अंथरली, साहेबांना ठेवलं, आणि ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, "एसी नोका लावू, भाऊ. काच उघडी ठेवजा." जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही फाटकाशी उभे होतो.

दुपार झाली. मी समोरच्या खोलीत कूलर लावला, ताट्यांवर पाणी शिंपडलं, वाळ्याचा वास उठला. बाबा येऊन खाटेवर बसले. आता निघायला हरकत नव्हती. मी मोबाइल काढून त्यांना पुण्याच्या खोलीचे फोटो दाखवले, पलंग, कपाट, पडदे, भिंतीवरचा पांढरा एसी. त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

"खिडकी इकडून आहे का?"

"हो, बाबा. उत्तरेची. ऊन येतच नाही."

"मंग मस्त आहे," ते म्हणाले. "थंड आहे. कधी निंगाचं? तू म्हणशील तवा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कूलरच्या वाऱ्याकडे तोंड करून बसले. मी वाट पाहिली. वाटलं, आता उठतील, दार उघडून अंगणात एक चक्कर मारतील, नसीमभाभींकडे मोकळी परात परत द्यायला जातील, नाहीतर निदान पाय वर घेऊन टेकून बसतील. ओला, गार वारा त्यांच्या कपाळावरचे केस उडवत राहिला. कितीतरी वेळ मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि बाबा जागचे हलले नाहीत.